गारवा कोणाच्या मालकीचा?

पूर्व विदर्भाचे ऊन गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाही, असे म्हणण्याची एक जुनी रीत आहे. ऊन भेद करीत नसेल. गारवा मात्र करतो. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला, तेव्हा तेथून साठ-पासष्ट किलोमीटरवरील भंडारा शहराच्या वाट्याला काही निराळे हवामान आलेले नव्हते. पण ज्याच्या भिंतीवर वातानुकूलन यंत्र बसलेले आहे त्याचा मे महिना वेगळा, खिडकीत कूलर लावून वाळ्याच्या ताट्या भिजवणाऱ्याचा वेगळा, आणि टिनाच्या छपराखाली मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईचा आणखी वेगळा. भंडारा जिल्ह्यात हे तिन्ही मे महिने एकाच गल्लीत नांदताना दिसतात.

यांतील पहिल्या प्रकारच्या गारव्याचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. वातानुकूलन यंत्र उष्णता नष्ट करीत नाही. ते खोलीतील उष्णता उचलते, तिच्यात स्वतःच्या विजेची भर घालते आणि ती सारी बाहेरच्या रस्त्यावर ओतते. म्हणजे जो गारवा विकत घेतो तो आपला उन्हाळा शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकतो, आणि शेजाऱ्याला याबद्दल कोणी विचारत नाही. कूलर हे त्या मानाने लोकशाही यंत्र. पण त्याला रोज काही बादल्या पाणी लागते, आणि ज्या वस्तीत गुंडभर पाण्यासाठी पहाटे उठावे लागते तिथे ते कोठून आणायचे? शिवाय पाऊस सुरू होऊन हवा ओलसर झाली की कूलर निरुपयोगी ठरतो. धानाच्या रोवणीचे दिवस घामाने चिकचिकतात ते त्याच्या आवाक्याबाहेरचे. पाणी भरताना कूलरचा धक्का बसून माणूस दगावल्याची बातमी तर विदर्भातील वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात हमखास येते.

या गारव्यासाठी लागणारी वीज कोठून येते, हाही प्रश्न भंडाऱ्याला परका नाही. नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना वाटेत मौदा लागते. तेथील औष्णिक केंद्राची क्षमता २,३२० मेगावॉट आहे. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचे खासगी केंद्र आहे. (१ मे १९९९ पर्यंत गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता, हे नव्या पिढीच्या कार्यकर्त्यांना सांगावे लागते.) तिरोड्याची तहान वैनगंगा भागवते. कोळसा विदर्भाचा, पाणी विदर्भाचे, राख आणि धूर विदर्भाच्या वाट्याला. आणि त्यातून निर्माण होणाऱ्या विजेवर मुंबई-पुण्याचे काचेचे मनोरे मे महिन्यात कुडकुडतात. भारनियमनाच्या वर्षांत अंधार मात्र याच मुलखातील खेड्यांनी सोसला. केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतलीकरण कृती आराखड्याने २०१७-१८ ते २०३७-३८ या वीस वर्षांत देशाची गारव्याची मागणी सुमारे आठपट होईल असा अंदाज केला आहे. ही आठपट मागणी जर भिंतीवरच्या सुट्या यंत्रांनीच भागवायची असेल, तर आणखी किती मौदे आणि किती तिरोडे उभारावे लागतील याचा हिशेब वैनगंगेच्या काठच्या माणसाने मांडून पाहावा.

याला दुसरा एक मार्ग आहे. तो जमिनीखाली आहे आणि त्याचे नाव थोडे फसवे आहे. भूऔष्णिक ऊर्जा म्हटली की मराठी माणसाला वज्रेश्वरी-गणेशपुरीची उन्हाळी कुंडे आठवतात, फार तर जळगावकडचे उनपदेव किंवा नांदेडचे उनकेश्वर. इथे त्या अर्थाने उष्णता अभिप्रेतच नाही. भंडाऱ्याच्या जमिनीचे मोल तिच्या उष्णतेत नसून स्थिरतेत आहे. वरच्या हवेचा पारा डिसेंबरच्या रात्री दहाच्या आसपास आणि मेच्या दुपारी पंचेचाळीसच्या वर जातो. पण जमिनीत दहा-पंधरा मीटर खाली गेले की ही उलथापालथ संपते. तिथे बारमाही तापमान त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरीजवळ, म्हणजे या भागात सत्तावीस अंशांच्या आगेमागे असते. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी गार आणि थंडीत कोमट का लागते, हे ज्याने विहिरीत पोहून पाहिले आहे त्याला शास्त्र समजावून सांगण्याची गरज नाही. जुन्या वाड्यांतील तळघरांचेही मर्म हेच होते.

आता मोटेचे उदाहरण घ्यावे. पाणी चाळीस हात खोल असेल तर बैल दमतात, पंधरा हातांवर असेल तर तीच मोट हलकी होते. उष्णतेचेही तसेच आहे. पंचवीस अंशांच्या खोलीतील उष्णता उचलून पंचेचाळीस अंशांच्या हवेत फेकायची तर यंत्राला मोठा चढ चढावा लागतो. तीच उष्णता तिशीतल्या जमिनीत सोडायची असेल तर चढ थोडा, आणि वीजही त्या प्रमाणात थोडी. त्यासाठी जमिनीत उभी छिद्रे घ्यायची, त्यांत प्लास्टिकच्या नळ्यांचे वळसे सोडायचे आणि त्यांतून पाणी फिरवीत ठेवायचे. हे पाणी बंद वळशातले असते. भूजलाचा एक थेंबही उपसला जात नाही. इमारतीत बसलेला उष्णतापंप, म्हणजे घरच्या फ्रिजचाच थोरला भाऊ, खोलीची उष्णता या पाण्याला देतो आणि पाणी ती जमिनीला देते.

हे भारतीय मातीत चालते का, याचा एक साधा पुरावा शेजारच्या गुजरातेत आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील प्रा. गिरजा शरण यांनी तीन मीटर खोल पुरलेल्या नळीतून नुसती हवा खेळवली, तेव्हा मे महिन्यातील चाळीस अंशांची हवा सत्तावीस अंशांच्या आसपास येऊन बाहेर पडली. पुढे त्याच तत्त्वावर अहमदाबादच्या प्राणिसंग्रहालयातील वाघांच्या निवाऱ्याला गारवा देण्यात आला. वाघांना तो मिळाला याचा आनंदच आहे. बाळंतिणींच्या कक्षाला तो का मिळू नये, एवढेच विचारावयाचे.

एकेका इमारतीने आपापल्या अंगणात छिद्रे घेतली तर ती पुन्हा ऐपतीची गोष्ट होईल. या कल्पनेतील खरा सामाजिक आशय सुरू होतो तो जाळ्यापासून: रस्त्याखालून जाणारी एक सार्वजनिक नळवाहिनी आणि तिला जोडलेल्या अनेक इमारती. एका इमारतीला नको असलेली उष्णता दुसरीला हवी असू शकते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाच्या गावी जून २०२४ मध्ये असे जाळे सुरू झाले. सहाशे-सातशे फूट खोल छिद्रे, सुमारे मैलभराची वाहिनी आणि तिला जोडलेल्या ३६ इमारती. त्यांत राहती घरे आहेत, अग्निशमन केंद्र आहे आणि गरिबांसाठी बांधलेली सार्वजनिक घरेही आहेत. ही कल्पना कोणा उद्योगपतीच्या डोक्यातून निघालेली नव्हती. शहरातील गळक्या वायुवाहिन्यांचे नकाशे काढणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेने ती मांडली, आणि वायू पुरवणाऱ्या कंपनीला ती अमलात आणावी लागली. न्यू यॉर्क राज्याने २०२२ मध्ये यासाठी कायदाच केला. त्या कायद्यामागे पाइप जोडणाऱ्या कामगारांच्या संघटना उभ्या होत्या, कारण वायूच्या नळ्या बंद झाल्या तरी पाण्याच्या नळ्या टाकायला तेच हात लागणार होते. पर्यावरण आणि कामगार यांना एकमेकांविरुद्ध झुंजवण्याचा खेळ भांडवलशाही जगभर खेळत आली आहे. तिथे तो निदान एका मुद्द्यावर फसला.

सारेच गोड नाही. त्याच राज्यातील लोवेल येथे दुसऱ्या एका कंपनीने हाती घेतलेला असाच प्रयोग खर्च अंदाजापेक्षा वाढला म्हणून सोडून दिला. जिथे नफ्याचा हिशेब शेवटचा शब्द ठरतो तिथे असे व्हायचेच. आइसलँडची राजधानी रेक्याविक हिने १९३० मध्ये गरम झऱ्याचे पाणी नळाने गावात आणले, तेव्हा त्या पहिल्या वाहिनीवर एक शाळा, एक रुग्णालय, पोहण्याचा तलाव आणि साठएक घरे होती. व्यापारी पेढ्यांची पाळी नंतर आली. भारताने नेमका उलटा क्रम धरला आहे. एका मध्यवर्ती केंद्रातून अनेक इमारतींना थंड पाणी पुरवण्याची पहिली मोठी व्यवस्था २०१५ मध्ये सुरू झाली ती गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत, म्हणजे बँकांच्या आणि दलालांच्या वसाहतीत. केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि त्यात जमिनीशी जोडलेल्या उष्णतापंपांनाही स्थान दिले, हे चांगलेच झाले. पण धोरण आले की ठेकेदार येतो, आणि ठेकेदार आला की जमिनीखालचा गारवा हा वाळूघाटासारखा लिलावाचा विषय होऊ शकतो. त्याआधीच मालकीचा प्रश्न विचारून ठेवलेला बरा.

भंडारा जिल्ह्याने तो प्रश्न एकदा भोगलेला आहे. हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी शेतकऱ्यांनी उतार, माती आणि पाण्याची वाट ओळखून येथे शेकडो तलाव आणि बोड्या बांधल्या. पुढे मालगुजार त्यांचे धनी झाले, तरी निस्ताराचा हक्क, गाळ काढण्याची पद्धत आणि पाणी वाटण्याचे नियम गावाकडेच राहिले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ती जायलाच हवी होती. तिच्यासाठी कोणी अश्रू ढाळू नयेत. पण जमीनदाराच्या हातून सुटलेला तलाव गावाच्या हाती न येता खात्याच्या हाती गेला. खात्याला पाणीपट्टी दिसली, पाळीवरची झुडपे दिसली नाहीत. गाळ साचला, पाळी खचल्या, आणि ज्यांच्या पूर्वजांनी तलाव खणले ते दुरुस्तीसाठी अर्ज घेऊन कचेरीचे उंबरे झिजवू लागले. ‘माजी मालगुजारी’ हे विशेषण आजही त्या तलावांना चिकटलेले आहे. ‘गावाचे तलाव’ असे सरकारी कागदावर कोणी लिहीत नाही. राष्ट्रीयीकरण म्हणजे समाजीकरण नव्हे, हा धडा समाजवाद्यांनी ग्रंथांतून पुष्कळ वाचला. तो साकोली-लाखांदूरच्या तलावांच्या पाळीवर अधिक स्पष्ट वाचता येतो.

म्हणून गारव्याच्या जाळ्याची मागणी करताना ‘शासनाने करावे’ एवढ्यावर थांबून चालणार नाही. नगरपरिषदेने ते पाणीपुरवठ्यासारखे स्वतःच्या मालकीचे ठेवावे, दर तिच्या सभेत ठरावेत, आणि ते चालवणारे कामगार कायम नोकरीतले असावेत. शेवटची अट वरवर क्षुल्लक वाटेल. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा अर्भके मृत्युमुखी पडली. त्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. तपासणी आधी व्हायची असते, हे त्या दहा मातांना सांगायला कोणी गेले नाही. ज्या कक्षात काही बालकांना ऊब द्यावी लागते आणि त्याच वेळी भोवतालची खोली थंड ठेवावी लागते, तिथे तापमान हा चैनीचा विषय नसतो. आणि यंत्र कितीही आधुनिक असले तरी रात्री दोन वाजता त्याच्याकडे पाहणारा माणूस कोण, त्याचे वेतन कोण देतो, त्याने केलेली तक्रार कोण वाचतो, यावरच ते कसे चालेल हे ठरते. सहा महिन्यांच्या कंत्राटावरचा तंत्रज्ञ असली जबाबदारी पेलू शकत नाही. तो दोष त्याचा नव्हे.

या योजनेतील सर्वांत अवघड गोष्ट तांत्रिक आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. फ्रेमिंगहॅमला कडक हिवाळा असतो. तिथे उन्हाळ्यात जमिनीत साठवलेली उष्णता हिवाळ्यात घरे तापवायला परत काढली जाते आणि जमा-खर्च बराचसा जुळतो. भंडाऱ्यात घरे तापवण्याची गरज नाही. वर्षामागून वर्षे नुसती उष्णता ओतत राहिले तर नळ्यांभोवतीची जमीन हळूहळू तापेल, आणि दहा-बारा वर्षांनी गारव्याचे हे भांडार रिकामे झालेले आढळेल. परदेशी नकाशा उचलून इथे चिकटवणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावे. उपाय आहेत, पण ते इथल्या जीवनातून शोधावे लागतील. रुग्णालयाच्या धुलाईखान्याला आणि स्वयंपाकघराला बारमाही गरम पाणी लागते. वसतिगृहांना आंघोळीसाठी लागते. दूध थंड करणाऱ्या केंद्राला एका हाताने गारवा हवा असतो आणि दुसऱ्या हाताने भांडी धुण्यासाठी गरम पाणी. आज ते एकीकडे उष्णता हवेत सोडते आणि दुसरीकडे पाणी तापवायला इंधन जाळते. उकड्या तांदळाच्या गिरण्यांनाही धान भिजवायला गरम पाणी लागते, पण त्यांच्याकडे तूस फुकटात जमा असते, तेव्हा त्या आपणहून या जाळ्यात येतील अशी आशा धरू नये. शिवाय डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री आहेतच. त्या रात्री वळशातील पाणी उघड्या हवेत निववून पुन्हा जमिनीत सोडले तर मेसाठी गारवा साठवता येतो. हिवाळ्याची थंडी उन्हाळ्यासाठी राखून ठेवणे ही कल्पना, पावसाळ्याचे पाणी रब्बीसाठी राखणाऱ्या जिल्ह्याला अवघड जाऊ नये.

जमीन अनुकूल आहे. जिल्ह्याच्या मोठ्या भागात मातीच्या थराखाली प्राचीन रूपांतरित खडक आहे, तोच खडक ज्याच्या एका पट्ट्यात तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज सापडले. असा घट्ट खडक कोरड्या मातीपेक्षा उष्णता कितीतरी चांगली वाहून नेतो. त्यात छिद्र पाडणे खर्चाचे असले तरी अपरिचित नाही: तामिळनाडूतून आलेल्या बोअरवेलच्या गाड्या विदर्भाच्या खेड्याखेड्यांत शेकडो फूट खोल जाऊन आल्या आहेत. नळ्या ठिबक सिंचनाच्या दुकानात मिळणाऱ्या नळ्यांच्या जातीच्याच. प्रशीतनाचे काम शिकलेले तरुण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडतात आणि नागपुरात मोटारसायकलवरून वातानुकूलन यंत्रे धूत हिंडतात. बाहेरून आणावा लागेल तो पैसा आणि आराखडा.

पैशाबद्दल एक आक्षेप येणारच, आणि तो पक्षाच्या शाखांतूनच येईल. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते, गोसीखुर्दच्या फुगवट्यात साचते, आणि तेच पाणी भंडारेकरांच्या नशिबी असते. ज्या गावाला स्वच्छ पाण्याची नळवाहिनी धड मिळालेली नाही, त्याने गारव्याची नळवाहिनी मागावी हे अघोरी नाही का? आक्षेप रास्त आहे. पाणी आधी. पण गारव्यावर खर्च होतच नाही असे नव्हे. तो होतो, फक्त तुकड्यातुकड्यांनी आणि हिशेबात न दिसता. जिल्हाधिकारी कार्यालयात, न्यायालयात, जिल्हा परिषदेत, रुग्णालयात दरवर्षी किती नवी वातानुकूलन यंत्रे खरेदी होतात, किती निकामी होऊन अडगळीत जातात आणि त्यांचे वीजबिल किती येते, हे माहितीच्या अधिकारात मागवून एका कागदावर मांडले तर बादलीत जाणारा पैसा वाहिनीत वळवता येईल का, याचे उत्तर मिळेल.

आणि हा गारवा विडी वळणाऱ्या बाईपर्यंत पोहोचणार नसेल तर या साऱ्या खटाटोपाचे कारणच उरत नाही. तिच्या टिनाच्या घराला उष्णतापंप बसवण्याची भाषा फसवी ठरेल. तिथे आधी छप्पर बदलले पाहिजे. पण जाळ्यावरची पहिली इमारत कोणती, हे ठरवताना तिचा विचार करता येतो. रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग, एसटी स्थानकातील प्रतीक्षागृह, नगरपरिषदेची शाळा. मे महिन्यात शाळा रिकामी असते. तिचे दोन वर्ग दुपारी बारा ते पाच कोणालाही बसण्यासाठी उघडे ठेवले, आणि ती बाई आपले सूप घेऊन तिथे येऊन बसली, तर तिला कोणी उठवू नये असा नियम करावा लागेल. अहमदाबादने २०१३ मध्ये आणि नागपूरने २०१६ मध्ये उष्माघात रोखण्याचे कृती आराखडे केले. अशा आराखड्यांत सावलीच्या जागा आणि पाणपोया असतात. बंद खोलीतला विनामूल्य गारवा क्वचितच असतो.

सुरुवात कोट्यवधींच्या निविदेने करायची गरज नाही. महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करते. तिच्या निरीक्षण विहिरी प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि तिचे कर्मचारी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबरमध्ये त्यांत फीत सोडून पाण्याची पातळी मोजतात. त्याच फितीला एक तापमापक बांधून दोन वर्षांच्या नोंदी घेतल्या तर भंडारा, तुमसर, साकोली, पवनी या गावांच्या पोटात किती गारवा आहे याचा पहिला विश्वसनीय तक्ता तयार होईल. तो तक्ता सरकारी दप्तरात न ठेवता नगरपरिषदेच्या फलकावर लावावा, अशी मागणी तालुका शाखांनी येत्या जानेवारीच्या मोजणीआधीच लेखी नोंदवावी.